मरुभूमीतील आमचे सोवळे

महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांत हल्ली प्रवासाची हौस चांगलीच वाढली आहे, आणि ही गोष्ट एकंदरीत इष्टच होय. दिवाळीची सुटी लागली की पुण्यामुंबईची मंडळी जोधपूर, बिकानेर, जैसलमेर गाठतात, उंटावर बसतात, वाळूत बुडणारा सूर्य पाहतात आणि तृप्त होऊन परततात. याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती त्यांच्या ताटाविषयी. सहलींच्या जाहिराती कोणीही उघडून पाहाव्यात. किल्ले, हवेल्या, वाळवंट ही नावे बारीक अक्षरांत, आणि 'सोबत आपला आचारी', 'सकाळी पोहे-उपमा', 'रात्री वरणभात' हे शब्द ठळक अक्षरांत! बाहेर बाजारात सकाळीच कढया तापलेल्या असतात, कचोरीचा घमघमाट गल्लीभर पसरलेला असतो. आणि तेथून हाकेच्या अंतरावर, हॉटेलच्या बंद दिवाणखान्यात, आमची मंडळी पोह्यांवर लिंबू पिळीत बसलेली असतात. हा देखावा केवळ हास्यास्पद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु तो आमच्या सुशिक्षितपणाला उणेपणा आणणारा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते सकारण मांडणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मरुभूमीतील शहरे पाहावयाची असतील तर ती पाठीवर एक पिशवी घेऊन, गल्लीबोळांतून पायी हिंडून, हातगाडीवर आणि टपरीवर तेथील लोक जे खातात तेच खाऊन पाहावीत. ज्या प्रदेशात अन्न ही निसर्गाशी झालेल्या झगड्याची कमाई आहे, त्या प्रदेशाचे अन्न नाकारून त्याचे केवळ दगड पाहणे म्हणजे ग्रंथाची बांधणी पाहून तो मिटून ठेवण्यासारखे होय.

यावर पहिला आक्षेप आरोग्याचा. 'रस्त्यावरचे खाणे घाणेरडे. परमुलखात पोट बिघडले तर सगळी सहल वाया जाईल,' असे आम्हांस ऐकविण्यात येते. हा आक्षेप घेणारी मंडळी कोण? दादरला उभ्याउभ्या वडापाव खाणारी, चौपाटीवर भेळ खाणारी, कोल्हापुरास गेली की मिसळीसाठी रांग लावणारीच ही मंडळी! दादरच्या गाडीवर जो बटाटावडा चालतो, त्याचा सख्खा भाऊ जोधपूरच्या घंटाघरापाशी मिरचीवड्याच्या रूपाने भेटला की तो एकाएकी रोगाचे माहेरघर कसा ठरतो? मोठी जाड हिरवी मिरची चिरून तिच्यात बटाट्याचे सारण भरतात, बेसनात बुडवून उकळत्या तेलात सोडतात आणि गरमागरम हातावर ठेवतात. तेलातून तत्काळ निघालेला असा पदार्थ, तासन् तास कोमट राहिलेल्या हॉटेलच्या पंगतीतील भाजीपेक्षा निश्चितच अधिक निर्धोक असतो. जपायचे ते चिरून ठेवलेल्या फळांना, उघड्या चटण्यांना, बर्फाला आणि पाण्याला. पुन्हा पुन्हा तापवून काळे पडलेले तेल दिसले तर तेथून निमूटपणे पुढे जावे. एवढा विवेक दादरलाही लागतो. म्हणजे अडचण अस्वच्छतेची नाही, अनोळखीपणाची आहे. स्पष्टच बोलायचे तर आमच्या आजोबांच्या पिढीत ज्यास सोवळे म्हणत, त्यासच आता हायजीन म्हणतात. तेव्हा 'कोणाच्या हातचे' हा प्रश्न मोठ्याने विचारला जाई; आता तोच प्रश्न मनातल्या मनात विचारून बरोबर आचारी नेला जातो. शब्द पालटला, वृत्ती पालटली नाही.

ज्यांना खरोखरच पथ्य आहे, जे वयोवृद्ध आहेत किंवा ज्यांची प्रकृती नाजूक आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलेले नाही. परंतु चाळीस जणांच्या सहलीत पथ्याची माणसे किती? त्यांच्या नावाखाली उरलेल्या धडधाकट मंडळींनी पोह्यांचा आश्रय घ्यावा, हे काही आम्हांस पटत नाही.

दुसरा आक्षेप शाकाहाराचा, आणि तो तर शुद्ध अज्ञानातून निघालेला आहे. २०१४ साली झालेल्या सरकारी पाहणीत राजस्थानातील सुमारे तीन-चतुर्थांश माणसे शाकाहारी आढळली. महाराष्ट्रात हेच प्रमाण सुमारे चाळीस टक्के भरले. अर्थात ज्या प्रांतात शाकाहारी माणसास अन्नाची यत्किंचितही ददात पडू नये, त्याच प्रांतात आम्ही आमचे शाकाहारी स्वयंपाकघर बरोबर घेऊन जातो. गंगेकाठी राहणाऱ्याकडे पाहुणे जावे आणि पाण्याचा हंडा घरून न्यावा, तशातला हा प्रकार आहे.

याहूनही मौजेची गोष्ट पुढेच आहे. सहलीच्या न्याहरीस एखाद्या दिवशी 'खास मराठी' म्हणून मिसळ करतात. त्या मिसळीत मटकी असते. आता मटकी हे कडधान्य देशात कोठे पिकते? तिचा फार मोठा वाटा राजस्थानच्या पश्चिमेकडील कोरड्या वाळूत पिकतो. मटकीचा वेल जमिनीलगत पसरतो, मातीवर आच्छादन घालतो, तिच्यातील ओल धरून ठेवतो आणि अल्प पावसात तग धरतो. तेथे तिला मोठ म्हणतात. रावबिकाने १४८८ साली वसविलेल्या बिकानेर शहराची भुजिया मुळात या मोठाच्या पिठाचीच. त्यात बेसन मिसळून, मसाला घालून, कढईवर झारा धरून ती पाडतात. 'बिकानेरी भुजिया' या नावास २०१० साली भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षणही मिळाले. म्हणजे ज्या मातीची मटकी, त्याच मातीत उभे राहून, आमची मंडळी तिच्यावर मराठीपणाचा शिक्का मारतात आणि बाहेर त्याच मटकीची गरम भुजिया तळली जात असताना तिच्याकडे पाठ फिरवितात! अशा प्रवासातून ज्ञान मिळते असे कोणास वाटत असेल, तर ज्ञान या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

भूगोलाच्या पुस्तकात मुले वाचतात की जैसलमेरास वर्षाकाठी जेमतेम दीडदोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. परीक्षेत ते लिहून गुण मिळतात. परंतु या आकड्याचा अर्थ जिभेवाचून कळणे कठीण. तेथे भाजी नाही; म्हणून बेसनाचे गट्टे ताकाच्या रश्श्यात शिजतात, पापडाची भाजी होते, मुगाचे वाळविलेले सांडगे मंगोडी म्हणून वर्षभर पुरतात. तेथे पाणी नाही. म्हणून दूध, दही आणि ताक पाण्याचे काम करतात. बाजरीची जाड भाकरी आणि राबडी हे तेथील गरिबाचे जेवण. पाणी आणि सरपण वाचविण्याची विद्या प्रत्येक घासात मुरलेली. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूंदें' या १९९५ सालच्या हिंदी ग्रंथात तेथील लोकांनी पाण्याचे तीन प्रकार कसे ओळखले याचे सुंदर विवेचन आहे: पावसाचे ते पालर पाणी, खोल विहिरीचे ते पाताल पाणी, आणि या दोहोंच्या मध्ये वाळूत अडकून राहिलेली ओल ते रेजाणी पाणी. ज्या लोकांनी थेंबांचे असे वर्गीकरण केले, त्यांनी अन्नाचाही तितकाच बारकाईने विचार केला असणार, हे ओळखावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. मात्र ताट ओढून जवळ घ्यावे लागते.

आणि केर-सांगरीची गोष्ट तर मराठी माणसाच्या देव्हाऱ्यापर्यंत येऊन पोचते. केर म्हणजे संस्कृतातील करीर, आमच्याकडील नेपती, तिची कडू फळे. ती कित्येक दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवावी लागतात, तेव्हा खाण्याजोगी होतात. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे कोण? आम्ही दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघन करून जिची पूजा करतो ती शमी! विराटपर्वात पांडवांनी जिच्यावर शस्त्रे ठेवली असे आम्ही मुलांना सांगतो, तीच ही. आमच्याकडे ती पूजेपुरती उरली. तेथे ती माणसास, बकरीस आणि उंटास जगविते. १८९९–१९०० चा दुष्काळ, ज्यास तेथील लोक विक्रम संवताच्या आकड्यावरून 'छप्पनिया' म्हणतात, त्यासारख्या भयंकर काळात लोकांनी खेजडीची सालही दळून खाल्ली. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिश्नोई समाजातील, एकूण ३६३ माणसे ही झाडे वाचविण्यासाठी त्यांना मिठी मारून मेली. १९८३ साली राजस्थानाने खेजडीस राज्यवृक्षाचा मान दिला. आता सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी हीच झाडे तोडली जातात, म्हणून बिकानेरच्या बाजूस गेल्या काही वर्षांत आंदोलने झाली आहेत. सौरऊर्जा हवीच; भडल्याच्या सौर उद्यानाची क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर आहे, आणि कोळशाच्या धुरापेक्षा ती केव्हाही बरी. परंतु 'ओसाड जमीन आहे, काय बिघडते?' असे जे पुण्यामुंबईस बसून सहज म्हटले जाते, ते सांगरी खाल्लेला माणूस सहज म्हणणार नाही. त्या जमिनीवर काय उगवते ते त्याने चाखलेले असते. अन्न हे पुराव्याचे एक साधन आहे, आणि आमची मंडळी तो पुरावा न तपासताच निकाल देतात.

येथवर आम्ही गृहस्थाश्रमी प्रवाशांचा समाचार घेतला. तो वाचून आमच्या महाविद्यालयातील तरुण मंडळींस आनंद होत असेल, कारण ती पाठीवर पिशवी टाकून जातात, स्वस्तात राहतात आणि गाडीवरच खातात. त्यांच्या धाडसाचे आम्हांस कौतुक आहे. तथापि त्यांचीही झडती घेणे प्राप्त आहे, कारण एक दोष टाकताना त्यांनी दुसरा उचलला आहे. आईबापांनी अन्न नाकारले. मुलांनी त्याचा संग्रह मांडला. दोन दिवसांत तीन शहरे, तीन शहरांत वीस पदार्थ. प्रत्येकाचा एक घास, प्रत्येकाचे एक छायाचित्र, आणि उरलेले कचऱ्यात! मावा कचोरी साखरेच्या पाकात घोळून समोर येते, मखनिया लस्सीचा पेला भरून येतो. त्यांची चित्रे निघतात, त्यावर एक-दोन विशेषणे लिहिली जातात आणि मंडळी पुढच्या गाडीकडे धावतात. यास चाखणे म्हणतात, जेवणे नव्हे. ज्या भूमीत अन्न टाकणे हे पाप मानले गेले, तेथे पाहुण्याने अर्धी कचोरी टाकून उठावे, याला साहस म्हणावे काय?

बरे, यांतील काही वीर ज्या हाताने महागडे छायायंत्र धरतात, त्याच हाताने गाडीवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. 'स्वस्तात प्रवास केला' ही त्यांची प्रौढी असते. काटकसर हा सद्गुण खरा. पण ती आपल्या चैनीत करावी, दुसऱ्याच्या मजुरीत करू नये. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा आपल्या संसदेने २०१४ साली केला. शहराच्या विक्रय समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले असावेत, असे त्यात म्हटले आहे. कायदा गाडीवाल्यास नागरिक मानतो. आईबाप त्यास रोगाचे मूळ मानतात आणि मुले त्यास करमणुकीचे साधन मानतात. गाडीजवळ स्वच्छ पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचा निचरा असावा, हे पाहणे नगरपालिकेचे कर्तव्य आहे. पण तेथे खाणारा सुशिक्षित वर्गच जर तोंड फिरवील किंवा चित्र काढून निघून जाईल, तर ते कर्तव्य करावयास तिला सांगणार कोण?

पाण्याविषयी तर याहून कठोर बोलणे भाग आहे. जैसलमेरचा किल्ला ११५६ साली रावळ जैसलने वसविला. त्याच्या आत आजही काही हजार माणसे राहतात. देशात असे वसते किल्ले फार थोडे. २०१३ साली राजस्थानातील इतर डोंगरी किल्ल्यांसह तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. परंतु त्याच्या सतरा वर्षे आधी, १९९६ सालीच, तो जगातील धोक्यात आलेल्या स्मारकांच्या यादीत जाऊन बसला होता, हे किती प्रवाशांस ठाऊक असते? पूर्वी खालच्या गडीसर तलावातून घागरीने पाणी वर येई. जे घागरीने येते ते जपूनच वापरले जाते. पुढे नळ आले, त्यांच्यामागून पाहुण्यांसाठी निवासगृहे आणि खाणावळी आल्या, न्हाणीघरे आली. वापर कित्येक पटींनी वाढला, गटारे गळू लागली, आणि ते पाणी किल्ल्याखालच्या चिकणमातीच्या थरांत मुरू लागले. कोरड्या हवेसाठी रचलेली ती वास्तू ओलीने खचू लागली. २०२४ च्या पावसाळ्यातही तटाच्या भिंतीचा काही भाग ढासळला. शत्रूच्या वेढ्यांतून उरलेला किल्ला पाहुण्यांच्या स्नानाने पडावा, यापरते दुर्दैव कोणते? जो तरुण किल्ल्याच्या आत स्वस्त खोली घेऊन दिवसातून दोनदा मनसोक्त न्हातो आणि 'मी खरे जैसलमेर पाहिले' असे सांगतो, त्याने पाहिलेले जैसलमेर तो स्वतःच थोडे थोडे विरघळवून आला आहे. त्याने किल्ल्याच्या पायथ्याशी उतरावे, वर पायी जावे, हिंडावे आणि खाली येऊन झोपावे. याने त्याचे काहीही कमी होणार नाही.

आता शेवटचा आक्षेप. 'अहो, माणूस चार दिवस विश्रांतीला जातो. तेथेही तुम्ही त्याच्यामागे कर्तव्याची छडी घेऊन लागता! प्रत्येकाने विद्यार्थीच व्हावे काय?' प्रश्न रास्त आहे. त्यास आमचे उत्तर असे की विश्रांतीस आमची ना नाही. विश्रांती घरीही मिळते. परंतु प्रवास हा शब्द आमच्या भाषेत हलका नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घरातून निघून ग्वाल्हेर-झांशीकडे गेले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही मराठीतील उत्तम प्रवासवर्णनांत गणला जातो. ते कर्मठ ब्राह्मण होते, अन्नाचे नियम त्यांनी पाळले. पण मुलूख त्यांच्या अंगावरून गेला, ते मुलखावरून नुसते गेले नाहीत. त्यांच्या काळी शिदोरी होती ती वाटेत अन्न मिळणार नाही म्हणून. आमच्या काळी शिदोरी नेतात ती वाटेत अन्न मिळेल या भीतीने! हल्लीची पुष्कळशी प्रवासवर्णने इतकी निःसत्त्व का होतात, याचे एक कारण आम्हांस येथेच दिसते. बंगाली वाचकास सत्यजित राय यांनी 'सोनार केल्ला' दिला. १९७४ साली त्याचा चित्रपट झाला आणि जैसलमेर बंगाल्यांच्या घराघरांत गेले. आमचे लेखक त्याच गावी जातात आणि खोली कशी होती, गरम पाणी किती वाजता आले आणि आचाऱ्याने शिरा कसा केला, एवढे लिहून आणतात. लेखणीत जे उतरत नाही ते आधी पोटातच गेलेले नसते.

म्हणून आमची आमच्या वाचकांस काही साधी विनंती आहे. पुढच्या खेपेस मोठा लवाजमा टाळावा. उचलवेल एवढीच पिशवी घ्यावी. जो आपले ओझे आपण वाहतो, तो नको त्या गोष्टी आपोआप घरी ठेवतो. तीन शहरांऐवजी एकाच शहरात तीन रात्री राहावे. एका गाडीवर एकदा नव्हे, दोनदा जावे. दुसऱ्या दिवशी गाडीवाला ओळखतो, आणि मग पदार्थाचे नाव, त्यातील धान्य, त्याचे गाव हे सारे तो न विचारता सांगतो. मागितलेले संपवावे. सांगितलेला भाव द्यावा. बाटल्या फेकू नयेत, पाणी नासू नये. आणि आजी-आजोबांस घरी ठेवू नये. त्यांना मऊ राबडी मानवेल, आणि खेजडीकडे पाहून 'ही तर आपली शमी' असे नातवंडांना तेच आधी सांगतील.

हे ज्यांना जड वाटते त्यांनी खुशाल आपल्या आचाऱ्यासह जावे. कायद्याने त्यांस मज्जाव नाही. फक्त परत आल्यावर 'आम्ही राजस्थान पाहिला' असे म्हणू नये. आपल्याच ताटातील पोहे त्यांनी दुसऱ्या गावी खाल्ले, एवढेच खरे. आणि त्यासाठी हजार-दीड हजार किलोमीटर जाण्याची गरज नव्हती.